धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं: घरच्या स्टँडवरची माउंटन बाइक

दूधवाल्याची असो वा पोस्टमनची, जुन्या काळ्या सायकलीला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी टेकणारा एक लोखंडी स्टँड असायचा. कॅरियर धरून सायकल मागे ओढली की ती त्यावर चढायची आणि मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर उचललं जायचं. हा स्टँड सायकल उभी करण्यासाठी होता, पण घरचा दुरुस्तीचा स्टँडही तोच होता. पायडल हातानं फिरवून चेनला तेल सोडणं, चाकाची आउट बघणं, ब्रेक कुठे घासतोय ते शोधणं, सगळं त्यावरच व्हायचं. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

माउंटन बाइकनं हा पाय काढून टाकला. दगडधोंड्यांवरून उतरताना तो अडकला असता, खडखडला असता, वजनातही भर पडली असती. त्यामुळे ही सायकल कायम भिंतीला, झाडाला किंवा दुसऱ्या सायकलीला टेकून असते. चिखलातून घरी आणल्यावर तिचे गिअर लावायचे म्हटले की पहिला प्रश्न पाना कुठला हा नसतो, तर ही हवेत धरायची कशी हा असतो. उभं राहायला तिला पाय नाही आणि उचलून धरायला हक्काची जागा नाही. कुठे नळी पातळ, कुठे केबल, कुठे सरकणारा दांडा.

पहिला स्टँड घरी आला तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं सायकलीची आडवी दांडी स्टँडच्या जबड्यात धरली आणि खटका जोरात दाबला. सायकल जागची हलली नाही. खाली उतरवली तेव्हा दांडीवर अंगठ्याएवढा खोलगट खड्डा पडलेला होता. पुढच्या वेळी धडा शिकून सैल धरली, तर मागचं चाक काढताक्षणी ती नाक खाली घालून गरकन फिरली आणि हँडल फरशीवर आपटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, ही म्हण कुणा सायकल मिस्त्रीनंच रचली असावी असं त्या दिवशी वाटलं. पुढे वेगवेगळे स्टँड वापरून आणि बऱ्याच चुका करून एक गोष्ट कळली. आपण पकड किती घट्ट हवी याचा विचार करत बसतो, पण खरा विचार पकड कुठे हवी आणि पकडलेल्या सायकलीवर काय करायचं नाही, याचा करायला हवा.

नावातच दुरुस्ती

माउंटन बाइकचा आणि दुरुस्तीचा संबंध जन्मापासूनचा आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी जुन्या जाडजूड सायकलींची शर्यत झाली. त्या सायकलींना पायडल उलटं दाबल्यावर लागणारा ब्रेक होता आणि तो मागच्या हबच्या आत बसवलेला असे. उतारभर तो दाबून धरला की हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत याला ‘रीपॅक’ म्हणतात आणि उताराला तेच नाव चिकटलं. त्या टोळीतल्या जो ब्रीझनं 1977 मध्ये खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची स्टंपजंपर आली आणि हा प्रकार दुकानात मिळू लागला.

दुरुस्तीचा आधुनिक स्टँड याहून थोडा जुना. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात हॉवर्ड हॉकिन्स आणि आर्ट एंगस्ट्रॉम हे दोघं सायकलदुरुस्तीचं दुकान चालवत. दिवसभर वाकून कंबर धरायची, म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक स्टँड जुळवला. त्यात जेवणाच्या टेबलाचा पाय होता, काँक्रीट भरलेलं तोफेच्या गोळ्याचं रिकामं कवच होतं आणि 1937 सालच्या फोर्ड ट्रकचा ॲक्सल होता. त्यातूनच 1963 मध्ये पार्क टूल ही कंपनी उभी राहिली. निळ्या मुठीची तिची हत्यारं आज जगभरच्या सायकल दुकानांत दिसतात. या गोष्टीत लक्षात ठेवण्यासारखं आहे ते काँक्रीट. स्टँडची पहिली गरज जबडा नव्हे, बूड आहे, हे त्या दोघांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पर्याय किती आणि कसे

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे सायकल उलटी करणं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला अजूनही हेच करतो, आणि साध्या ब्रेकच्या सायकलीला त्यानं काही बिघडत नाही. माउंटन बाइकवर मात्र सगळा भार सीटवर आणि हँडलवरच्या गिअर-ब्रेकच्या खटक्यांवर येतो. दुसरी अडचण ब्रेकमधल्या तेलाची. हायड्रॉलिक ब्रेकची टाकी हँडलवरच्या खटक्याला लागून असते. टाकीत हवेचा बुडबुडा असला तर सायकल सरळ असताना तो वर, निरुपद्रवी जागी राहतो. उलटी केली की तो नळीत शिरू शकतो आणि मग ब्रेक स्पंजासारखा लागतो. रानात पंक्चर काढायला सायकल उलटी करायला हरकत नाही, पण सरळ केल्यावर दोन्ही खटके आठ-दहा वेळा दाबून ब्रेक कडक लागतोय याची खात्री केल्याशिवाय उतारावर जाऊ नये. उलटं करण्याचा एक फायदाही आहे. पुढच्या शॉकॉबमधलं तेल सीलखालच्या स्पंजाच्या कड्यांपर्यंत पोचतं आणि दांडे मऊ सरकतात.

दुसरा पर्याय टांगण्याचा. मराठी घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर त्यांच्याएवढा भक्कम आधार नाही, कारण त्या माणसांचं वजन झेलण्यासाठीच स्लॅबमध्ये बसवलेल्या असतात. एक दोरी सीटच्या दांड्यांना, दुसरी हँडलच्या मधोमध, की सायकल कमरेच्या उंचीवर तरंगते. धुण्यासाठी, चेन साफ करण्यासाठी हे छान चालतं. पण टांगलेली सायकल झुलते. बोल्टवर जोर लावला की अख्खी सायकलच फिरते. बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्यांना सायकल टांगायचा मोह मात्र टाळावा. त्या ओल्या चादरींसाठी आहेत, 14 किलोच्या हलत्या वजनासाठी नाहीत.

तिसरा प्रकार मागचं चाक उचलणाऱ्या छोट्या स्टँडचा. हा मागच्या ॲक्सलला किंवा मागच्या दोन नळ्यांना आकड्यांनी धरतो. पुढचं चाक जमिनीवरच राहतं. काळ्या सायकलीच्या स्टँडचा हा आधुनिक नातू म्हणता येईल. स्वस्त आहे, जागा कमी लागते, फ्रेमला दाबत नाही. गिअर लावणं आणि चेन धुणं या घरच्या कामांतल्या मोठ्या वाट्याला तो पुरतो. पण मागे शॉकॉब असलेल्या सायकलीच्या नळ्यांचे आकार वेडेवाकडे असतात आणि आजच्या जाड ॲक्सलला आकडे अडकवायला टोकच उरत नाही. मागचं चाक काढायचं असेल तर याचा उपयोग संपतो.

चौथा प्रकार शर्यतीच्या मेकॅनिकचा. यात सायकलीचा तळ, म्हणजे क्रँकच्या खालचा भाग, एका पाळण्यावर टेकतो आणि एक चाक काढून पुढचा फोर्क किंवा मागची फ्रेम ॲक्सलनं पक्की केली जाते. नळी कुठेच चिमटली जात नाही, म्हणून रस्त्यावरच्या महागड्या कार्बन सायकलींसाठी तो उत्तम मानतात. माउंटन बाइकशी त्याचं पूर्ण जमत नाही. तिच्या तळाखालून केबल गेलेली असते, कधी दगडापासून वाचवणारी पट्टी असते, कधी मागच्या शॉकॉबचा सांधा तिथेच असतो. ॲक्सलची मापंही जुळावी लागतात. पुढे बहुधा 15 बाय 110 मिलिमीटर, मागे 12 बाय 148. जुन्या किंवा उतारशर्यतीच्या सायकलींची मापं वेगळी. ॲडाप्टर आपल्या मापाचा नसेल तर स्टँड कितीही चांगला असला तरी तो आपल्या कामाचा नाही.

पाचवा प्रकार जबड्याचा. एक उभा खांब, त्यावर फिरणारा हात, हाताच्या टोकाला रबर लावलेला जबडा. घरासाठी घडीचे, तीन पायांचे. दुकानासाठी जड लोखंडी पाटावर बसवलेले. आणि भिंतीला किंवा कामाच्या टेबलाला लावायचे. सायकल कुठल्याही कोनात फिरवता येते, दोन्ही चाकं काढता येतात, म्हणून शेवटी बहुतेक जण इथेच येतात. फ्रेमचं नुकसानही सर्वांत जास्त याच प्रकारात होतं, म्हणून यापुढे मुख्यतः त्याच्याबद्दल.

कुठे धरायचं

आडव्या दांडीला धरण्याचा मोह सगळ्यांना होतो, त्याला कारण आहे. ती हाताशी असते आणि सायकलीच्या वजनाच्या मध्याजवळ असते, त्यामुळे तिथे धरलेली सायकल तोललेली वाटते. पण आजची नळी सगळीकडे सारखी जाड नसते. वेल्डिंगच्या टोकांशी जाड आणि मधोमध पातळ अशी ती ओढलेली असते. हलक्या ॲल्युमिनियम फ्रेममध्ये मधली जाडी बऱ्याचदा एक मिलिमीटरच्या आसपास असते आणि चांगल्या पोलादी नळीत त्याहूनही कमी. आपण नेमकं मधोमधच धरतो. ही नळी लांबीच्या दिशेनं येणारा भार झेलण्यासाठी घडवलेली असते, बाजूनं दाबलेला चिमटा तिला सोसवत नाही.

कार्बनचं दुखणं आणखी वेगळं. ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बन फ्रेममध्ये धाग्यांचे थर रेझिननं चिकटवलेले असतात. जबड्यानं दाबल्यावर वरचा रंग तसाच राहून आतले थर सुटू शकतात. अशी फ्रेम घरात टिकते आणि उतारावर दगा देते. म्हणून नियम सरळ ठेवावा: जबडा फ्रेमच्या कुठल्याच नळीला लावायचा नाही, मग ती कसलीही असो.

मग उरते सीटखालची नळी, म्हणजे सीटपोस्ट. ती गोल असते, जाड असते, मोडलीच तर बदलता येते. तिच्यावर माणूस बसणार हे धरूनच ती बनवलेली असते. पण तिथेही दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, सीटपोस्टला फ्रेममध्ये आवळणारा बोल्ट. सीटपोस्टला धरून सायकल उचलली की अख्खी सायकल त्या एका कड्याला लटकते. हा बोल्ट बहुधा 5 ते 6 न्यूटन-मीटर आवळायचा असतो. तो सैल असेल तर पोस्ट जबड्यात आणि फ्रेम जमिनीवर असा प्रसंग येतो. दुसरी, पोस्ट वर ओढायची असेल तर तिच्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ बाहेर येता कामा नये. आधीच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवली की नंतर गुडघ्याचा हिशेब नव्यानं मांडावा लागत नाही.

जबड्याचं रबर आणि पोस्ट, दोन्ही ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं. वेताळ टेकडीवरून आणलेला बारीक मुरूम त्या दोघांत अडकला तर तो सँडपेपरचं काम करतो. पुसल्यावर जुन्या मऊ सुती कापडाची एक घडी मधे ठेवावी.

खालीवर होणारी सीट

माउंटन बाइकच्या दुरुस्तीत सर्वांत मोठी अडचण आली ती ड्रॉपर पोस्टमुळे, म्हणजे हँडलवरचा खटका दाबल्यावर खालीवर होणाऱ्या सीटमुळे. उतारावर सीट खाली हवी ही गरज जुनी आहे. जो ब्रीझनं जॉश एंजेलबरोबर 1984 च्या सुमारास हाइट-राइट नावाची एक स्प्रिंग काढली होती. सीटचा खटका सैल केला की ती सीट पुन्हा जुन्या उंचीवर आणून द्यायची. आजच्या ड्रॉपरमध्ये तेच काम हवा आणि तेल करतं, आणि त्यासाठी आत एक गुळगुळीत दांडा सीलमधून सरकतो.

हा वरचा चकचकीत दांडा जबड्यात धरायचा नाही. त्यावर केसाएवढा ओरखडा उठला तरी प्रत्येक खेपेला सील त्यावरून घासतं, हवा सुटते आणि सीट बसल्या बसल्या खाली जाऊ लागते. धरायचं असेल तर खालचं बाहेरचं कवच धरायचं, तेही ते फ्रेमच्या कड्यावर पुरेसं बाहेर असेल तरच. लांब ड्रॉपरचं कवच बहुतेक वेळा जवळजवळ पूर्ण आत असतं. मग कड्याचा बोल्ट सैल करून पोस्ट दोन-तीन इंच वर घ्यावी लागते. हे करताना आत गेलेली केबल ओढली जात नाही ना हे बघायचं, आणि पोस्ट वर घेतल्यावर बोल्ट पुन्हा मापानं आवळायचा.

सीट खाली दाबलेल्या स्थितीत असताना सीटला धरून सायकल उचलू नये. काही हायड्रॉलिक ड्रॉपरांमध्ये त्या ओढीनं तेलाच्या जागी हवा शिरते आणि सीट स्पंजासारखी दबू लागते. स्टँडवर चढवण्याआधी सीट पूर्ण वर करण्याची सवय लावून घ्यावी.

ज्यांना वारंवार काम करायचं असतं त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. आपल्या फ्रेमच्या मापाची साधी ॲल्युमिनियम सीटपोस्ट घेऊन ठेवायची. माउंटन बाइकमध्ये बहुधा 30.9 किंवा 31.6 मिलिमीटर, जुन्या फ्रेममध्ये 27.2, काही नव्या फ्रेममध्ये 34.9. मोठं काम असलं की ड्रॉपर काढून ही डमी पोस्ट बसवायची आणि तिला बिनधास्त धरायचं. कार्बन सीटपोस्टवाल्यांनाही हाच उपाय. सगळ्या साधनांत ही नळी सर्वांत स्वस्त असते आणि सर्वांत महागडी चूक टाळते.

तोल आणि पीळ

सीटपोस्टला धरलेली सायकल पुढे झुकते, कारण वजनाचा मध्य पकडीच्या पुढे असतो. थोडा हिशेब करू. 14 किलोच्या सायकलीचं वजन म्हणजे साधारण 137 न्यूटन. ते पकडीच्या पाव मीटर पुढे आहे असं धरलं तर जबड्यावर सुमारे 34 न्यूटन-मीटर पीळ येतो. पायडल क्रँकमध्ये बसवताना आपण जेवढा जोर लावतो, जवळपास तेवढाच. तो पीळ थोपवण्यासाठी आपण जबडा आवळत जातो आणि तिथेच गडबड होते.

यावर उपाय आवळण्याचा नाही, मोकळं सोडण्याचा आहे. हाताचा फिरता सांधा थोडा सैल करून सायकल तिच्या मनानं झुकू द्यायची. पुढचं चाक खाली जातं, वजनाचा मध्य पकडीच्या सरळ खाली येतो आणि पीळ जवळजवळ संपतो. त्या स्थितीत सांधा घट्ट केला की जबड्याला फक्त वजन पेलायचं असतं, सायकल फिरू न देण्याचं काम उरत नाही. पुढच्या बाजूनं तिरपी लटकलेली सायकल दिसायला आळशी वाटते, पण बहुतेक कामं त्याच स्थितीत निभावतात. ब्रेकचं तेल बदलण्यासारखं काम असेल तरच ठरावीक कोनात ओढून धरावं.

तोल कामाच्या मधेच बदलतो, हे विसरायचं नाही. मागचं चाक कॅसेटसकट तीनेक किलोचं असतं. ते काढलं की मागची बाजू हलकी होऊन पुढची झपकन खाली जाते. म्हणून चाक काढताना एक हात फ्रेमवर. पुढचं चाक इकडून तिकडे वळून फोर्क फ्रेमवर आदळतो, त्यासाठी हँडल बांधून ठेवायचं. फाटक्या ट्यूबची कापलेली पट्टी पुढच्या चाकातून खालच्या नळीभोवती गुंडाळली की काम झालं.

बॅटरीवाल्या माउंटन बाइकचा वेगळा विचार करावा लागतो. ती 20 ते 25 किलोची असते, आणि घरगुती स्टँड घेताना त्यावर लिहिलेली कमाल वजनमर्यादा आधी वाचायला हवी. बॅटरी काढून ठेवली की तीन ते साडेचार किलो कमी होतात आणि विजेचा धोकाही जातो. तरीही तेवढं वजन छातीएवढ्या उंचीवर एकट्यानं उचलू नये. स्टँड शक्य तेवढा खाली घ्यावा, आणि घरातल्या कुणाला तरी मागून हात लावायला सांगावं.

फरशी आणि भिंत

परदेशी पुस्तकांतली चित्रं गॅरेजमधली असतात. आपलं काम चालतं ते बाल्कनीत, पॅसेजमध्ये, नाहीतर इमारतीच्या पार्किंगमध्ये. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. तीन पायांचा स्टँड त्या उतारावर कलतो आणि त्यात सायकलीचं वजन भर घालतं. सायकल ज्या बाजूला झुकते, तिच्या खाली नेमका एक पाय यायला हवा. दोन पायांच्या फटीवर वजन आलं तर स्टँड उभा तर राहतो, पण पाना ओढताक्षणी कलंडतो. पाय पूर्ण उघडलेले हवेत आणि खांब गरजेपेक्षा वर नको.

गुळगुळीत विट्रिफाइड फरशीवर साबणाचं पाणी सांडलं की रबरी बूटही घसरतात. खाली जुनी चटई किंवा पोतं टाकावं, त्यानं तेलाचे डागही वाचतात. बाल्कनीच्या कठड्याशेजारी स्टँड उभारून काम करणारे पाहिले आहेत. पाचव्या मजल्यावर तसं करू नये, एवढं सांगितलं तरी पुरे.

भिंतीला लावायचा स्टँड जागा वाचवतो आणि कलंडत नाही, पण इथे भिंत कसली आहे याला महत्त्व आहे. काँक्रीटच्या भिंतीत किंवा खांबात अँकर बोल्ट ठोकला की काळजी नाही. विटांची भिंत असेल तर सांध्यातल्या सिमेंटमध्ये नव्हे, विटेत भोक हवं. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती मात्र हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, ज्यांना गवंडी सिपोरेक्स म्हणतात. साधा रावळ प्लग त्यात धरत नाही. भिंतीपासून हातभर पुढे लटकलेली सायकल तो हळूहळू उपटून काढते. त्यासाठी या ब्लॉकसाठीच बनवलेले अँकर मिळतात, नाहीतर खांब शोधावा. भाड्याच्या घरात हा सगळा प्रकार मालकाच्या कानावर घालूनच.

हार्डवेअरच्या दुकानातला जीआय पाइप, एल्बो आणि फ्लँज घेऊन घरीच स्टँड जोडणारेही आहेत. तो चांगला होतो, फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. लाकडी जबड्यात पोस्टच्या मापाची गोल खाच हवी, कारण सपाट फळ्यांमध्ये धरलेल्या नळीला दोनच रेषांवर दाब येतो. आणि पाइपच्या सांध्याचे आटे वजनानं आपोआप उघडतील अशा दिशेचे नसावेत.

स्टँडवर काय करायचं नाही

या प्रश्नाचा विचार सर्वांत कमी होतो, आणि त्यातच बरंचसं उत्तर दडलेलं आहे. स्टँड वजन पेलण्यासाठी असतो. तो व्हाइस नाही. ज्या कामाला दोन्ही हातांचा आणि खांद्याचा जोर लागतो, ते काम सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी असतानाच करायचं.

घट्ट बसलेली पायडलं काढणं हे त्यातलं पहिलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून अनेक जण ते काढण्याच्या नावाखाली आणखी आवळतात, आणि तेही स्टँडवर. सगळा जोर जबड्यातून पोस्टवर जातो. तसंच गंजलेला तळाचा कप सोडवणं, अडकलेली सीटपोस्ट पिळून काढणं, फोर्कच्या नळीत ठोकून काही बसवणं. ही कामं जमिनीवर सैल करून घ्यावीत आणि मग बाकीचं स्टँडवर. क्रमाचा हा साधा नियम पाळला तर जबडा इतका घट्ट आवळायची गरजच उरत नाही, आणि पकडीचा निम्मा धोका तिथेच संपतो.

उलट स्टँडवरच करावीत अशी कामंही आहेत. गिअर जुळवणं, केबलचा ताण बघणं, ब्रेकचे पॅड मध्यावर आणणं, चाकाची आउट काढणं, बोल्ट एकेक करून तपासणं. या सगळ्यांत चाक फिरवायचं असतं आणि डोळे कामाच्या पातळीवर लागतात. चेन साफ करताना डीग्रीझरचा फवारा ब्रेकच्या चकतीवर उडणार नाही असं बघावं. तेलकट चकतीनं पॅड खराब होतात आणि ब्रेक कर्कश ओरडतो. चाक काढलेलं असताना ब्रेकचा खटका चुकून दाबला तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात, म्हणून मधे प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा अडकवून ठेवावा.

बोटं

हवेत फिरणारं चाक लहान मुलांना भुरळ घालतं. स्टँडवर सायकल असताना सर्वांत गंभीर इजा फ्रेमला नाही, बोटांना होते. चेन आणि दात्यांच्या मधे सापडलेलं बोट क्षणात चिरडतं. ब्रेकच्या चकतीला वजन कमी करण्यासाठी खिडक्या पाडलेल्या असतात. फिरत्या चकतीत बोट गेलं तर ती कातरीसारखी कापते. पायडल फिरवणारा एकच माणूस असावा आणि हात घालणाराही तोच. दुसऱ्यानं फिरवायचं आणि आपण चेन पुसायची, असं वाटून घेतलेलं काम करू नये. चेन पुसायची तर पायडल उलटं फिरवून, खालच्या पट्ट्यावर. मुलांना मदत करायची हौस असेल तर पाने हातात द्यायला लावावं, चाक फिरवायला नको.

कुणासाठी कोणता

महिन्यातून एकदा चेनला तेल आणि गिअरची थोडी फिरवाफिरवी एवढंच करणाऱ्यानं जबड्याचा महागडा स्टँड घेतला तर तो नाकापेक्षा मोती जड होईल. साधी फ्रेम असेल तर मागचं चाक उचलणारा छोटा स्टँड पुरतो. पावसाळाभर चिखलात फिरणाऱ्याला, मागे शॉकॉब असणाऱ्याला, ब्रेक-गिअर स्वतः उघडणाऱ्याला जबड्याचा घडीचा स्टँड आणि एक डमी सीटपोस्ट ही जोडी घ्यावी लागेल. स्टँड घेताना रंग आणि नाव बघण्याआधी पायांची लांबी बघावी, जबडा किती मापाची नळी धरतो ते बघावं आणि वजनमर्यादा वाचावी. जबडा एका हातानं बंद करता आला पाहिजे, कारण दुसऱ्या हातात सायकल असते.

चढवायचा क्रमही सांगून ठेवतो. सीट वर, कड्याचा बोल्ट तपासलेला, जबडा आधीच उघडा आणि बरोबर कोनात. पोस्ट जबड्यात आली की रबर टेकेपर्यंतच बंद करायचा. मग एक हात फ्रेमवर ठेवूनच जबडा थोडा आवळायचा आणि सायकल हलकेच हलवून बघायची. पोस्ट जबड्यात सरकत नसेल तर पुरे. सांधा सैल, सायकलीला तिचा तोल सापडू द्यायचा, सांधा घट्ट. आणि मगच हात काढायचा.

उतरवताना बहुतेकांचा क्रम चुकतो. काम संपलेलं असतं, संध्याकाळ झालेली असते, आणि खटका आधी उघडला जातो. हात आधी, खटका नंतर. माझ्या त्या सायकलीवर अंगठ्याएवढा खड्डा अजून आहे, आणि स्टँडवर चढवताना डाव्या हाताचं बोट सवयीनं एकदा तिथे टेकतं.